तो बघ, ऐकलास?

जंगलात पक्षी बघायला गेलेल्या माणसाला प्रत्यक्षात काय दिसतं? पानं, आणखी पानं, पुढच्या माणसाची सॅक आणि त्या सॅकला लटकवलेली पाण्याची बाटली. पक्षी असतो, नाही असं नाही. पण दुर्बीण डोळ्यांना लावून, तिचं चाक मागेपुढे फिरवून जरा कुठे स्पष्ट दिसायला लागावं, तर तो जिथे होता तिथली फांदी तेवढी हलत असते. हलणाऱ्या फांद्या बघण्यात अनेक वर्षांचे रविवार घालवलेली पुष्कळ सज्जन माणसं माझ्या ओळखीची आहेत. तरीही त्यांच्या वह्यांमध्ये दर रविवारी चाळीस-पन्नास जातींची नोंद असते. याचा उलगडा मला सिंहगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात झाला. ही माणसं पक्षी बघतच नाहीत. ऐकतात, आणि वहीत ‘पाहिला’ असं लिहितात.

आमच्या गटाच्या म्होरक्यांना लहानथोर सगळे ‘काका’ म्हणतात. काका चालता चालता एकदम थांबतात, त्यामुळे मागची रांग एकमेकांवर आदळते. मग काका उजव्या हाताची तर्जनी वर करतात, डोळे अर्धवट मिटतात आणि बारीक आवाजात म्हणतात, “सुभग.” लगेच सगळ्या दुर्बिणी समोरच्या चिंचेवर रोखल्या जातात. कोणालाही काहीही दिसत नाही. तरी सगळ्यांच्या तोंडून एकदम “वा!” निघतो. एखादा तर शेजारच्याला कोपरखळी मारून सांगतो, “तो बघ, ऐकलास?”

कानाने पक्षी ओळखण्याच्या विद्येत सगळ्यात सुखाची गोष्ट ही, की इथे उलटतपासणी नाही. डोळ्यांनी बघणाऱ्याचे फार हाल होतात. भुवई पांढरी होती का? शेपटीची कड? पाय कुठल्या रंगाचे? फोटो काढलास? आणि फोटो नसेल तर मग ‘अच्छा’ असा एक थंड हुंकार. कानवाल्याला यातलं काही सोसावं लागत नाही. आवाज तर झालेलाच असतो, तो सगळ्यांनी ऐकलेलाही असतो. तो कोणाचा, हे जो आधी बोलेल त्याचं खरं. त्यामुळे या क्षेत्रात ज्ञानापेक्षा चपळाईला महत्त्व आहे, आणि चपळाईपेक्षा ठामपणाला. ‘बहुतेक’ हा शब्द ज्याने उच्चारला, तो पुढच्या रविवारपासून रांगेच्या शेवटी चालतो.

पण ही सगळी थापेबाजी आहे असं मी म्हणणार नाही. कानाने ओळखणं आपण सगळेच करतो, आणि उत्तम करतो. सकाळी दहाच्या सुमाराला खालून एक आवाज येतो. त्यात शब्द म्हणावा असं काही नसतं. नाकातून काढलेला एक लांबलचक हेल असतो, शेवटी उंच जाऊन तुटलेला. तिसऱ्या मजल्यावरची बाई खिडकीशी न जाता सांगते, “रद्दीवाला आलाय.” दुसरा हेल असाच, फक्त शेवटी खाली उतरतो : तो लसूणवाला. बोहारणीची हाक निराळी, चादरीवाल्याची निराळी. गाद्या पिंजणारा तर तोंडही उघडत नसे, नुसती तार छेडत जाई. यांच्या आवाजांवर पुस्तक कोणी लिहिलं नाही, शिबिर भरवलं नाही, तरी पाच वर्षांचं पोरही चुकत नाही. कारण त्यात आपण शब्द शोधत नाही. हेल वर जातो की खाली, मधे किती थांबतो, दिवसाच्या कुठल्या वेळी येतो, एवढंच ऐकतो. पक्षी ओळखायलाही याहून वेगळं काही लागत नाही. अडचण एवढीच, की रद्दीवाल्याकडे हाक एकच असते.

पक्ष्यांचं तसं नाही. टकाचोर घ्या. कावळ्याच्या कुळातला, लांब शेपटीचा, तांबूस रंगाचा देखणा पक्षी. एका क्षणी असा गोड, गोलसर सूर काढतो की ऐकणारा हरखतो. दुसऱ्याच क्षणी त्याच चोचीतून घसा खरवडल्यासारखा कर्कश आवाज येतो, आणि नवख्याच्या वहीत दोन पक्षी लिहिले जातात. त्यातून बहुतेक पक्ष्यांच्या आवाजात गाणं वेगळं आणि हाक वेगळी. गाणं म्हणजे जागेवर हक्क सांगायचा आणि जोडीदारणीला बोलवायचं. हाक म्हणजे ‘मी इथे आहे’, ‘मांजर आलं’, ‘सरक तिकडे’ असं किरकोळ कामकाज. गाणं विणीच्या हंगामात, कामकाज बाराही महिने.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर, म्हणून हा आठवडा. दोघेही या मानाला शंभर टक्के पात्र. पण तारखा ठरवताना पक्ष्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही. आपल्याकडचे बरेच पक्षी गातात ते चैत्र-वैशाखात आणि पावसाच्या तोंडावर. नोव्हेंबरात उत्तरेकडून आलेले वटवटे झाडाझाडांवर असतात, पण ते इथे पोटापाण्यासाठी आलेले. गाणं गावी ठेवून येतात आणि इथे दिवसभर नुसतं ‘चिक’ करतात. दिसायला सगळे एकाच मापाचे, एकाच हिरवट राखी रंगाचे. त्यांच्यात फरक करायचा तो त्या ‘चिक’वरून. एक ‘चिक’ म्हणतो, दुसरा ‘चिविक’, तिसरा ‘ट्यक’. पक्षी सप्ताहात शाळेच्या मुलांना घेऊन काका टेकडीवर जातात तेव्हा त्यांना हा फरक समजावून सांगतात. मुलं काकांना ‘चिक’ करून दाखवतात. खरे पक्षी तोवर पुढच्या टेकडीवर गेलेले असतात.

आवाजावरून आकाराचा अंदाज करू पाहणाऱ्यांची शिंपी फार फजिती करतो. ‘टुविट टुविट टुविट’ असा आवाज जास्वंदीच्या झुडपातून येतो, तो इतका खणखणीत की आत कबुतराएवढा तरी कोणीतरी असणार असं वाटावं. बाहेर येतो तो जेमतेम दहा ग्रॅमचा जीव, शेपूट ताठ उभी करून. हा एवढासा जीव एवढा आवाज काढतो कुठून, तर पक्ष्यांचं आवाजाचं यंत्र आपल्यासारखं घशाच्या वरच्या टोकाला नसतं. श्वासनलिका जिथे दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते, त्या फाट्यावर ते असतं. दोन्ही फाट्यांवर स्वतंत्र ताबा असल्यामुळे कित्येक गाणारे पक्षी एकाच वेळी दोन वेगळे सूर काढू शकतात. म्हणजे साथीला दुसरा माणूस लागत नाही, मानधनाचा प्रश्न मिटला.

तांबटाची गंमत याहून न्यारी. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे, तिथे तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडतात. त्या ठोक्यांवरूनच या पक्ष्याला नाव मिळालं. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल टिळे लावलेला. उन्हाळ्याच्या भर दुपारी वडा-पिंपळाच्या शेंड्यावर बसून ‘टुक, टुक, टुक’ सुरू करतो, मिनिटाला शंभराहून जास्त, आणि थांबायचं नाव घेत नाही. ठोका देताना चोच बंद. गळ्याच्या बाजूची कातडी तेवढी फुगते आणि बसते. शिवाय ठोके देताना तो मान इकडून तिकडे फिरवत असतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून आल्यासारखा वाटतो, कधी उजवीकडून. एका तांबटाने आमच्या अख्ख्या गटाला एका पिंपळाभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालायला लावली होती. समोरून जाणाऱ्या एका आजींनी आम्हाला वटपौर्णिमा अजून लांब असल्याचं आणि झाडही चुकल्याचं सांगितलं.

काही पक्षी भले असतात. ते स्वतःचं नाव सांगूनच बोलायला सुरुवात करतात. सह्याद्रीतला कुटुर्गा ‘कुटुर्र कुटुर्र’ करतो, टिटवी ‘टिटिव टिव’ करते, कावळ्याबद्दल तर बोलायलाच नको. नामकरण करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी या बाबतीत फार डोकं चालवलेलं नाही आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

पण खरी मजा पुढे आहे. पक्षी काय म्हणतो हे पक्ष्यावर थोडं आणि ऐकणाऱ्याच्या पोटात काय चाललंय यावर जास्त अवलंबून असतं. पावशा हा त्याचा अधिकृत पुरावा. मृगाच्या आधी, ढग जमू लागले की हा पक्षी ओरडायला लागतो. प्रत्येक वेळी सूर आधीपेक्षा वर चढवत नेतो, इतका की आता याचं काही खरं नाही असं वाटतं, आणि मग एकदम गप्प होतो. पुन्हा पहिल्यापासून. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने ऐकलं, ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’. हिंदी मुलखातल्या विरहिणीने ऐकलं, ‘पी कहाँ’. बंगाल्याने ऐकलं, ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळा गेला’. आणि मे महिन्याच्या उकाड्यात घामाने भिजलेल्या इंग्रज साहेबाने ऐकलं, ‘ब्रेन फीवर’. पक्षी एकच, ओरडणं एकच. एकाला पेरणीची काळजी, एकीला नवऱ्याची, एकाला डोळ्यांची आणि एकाला मेंदूच्या तापाची. साहेब शेवटी देश सोडून गेला, यात पावशाचा वाटा किती हे इतिहासकारांनी अजून तपासलेलं नाही.

उत्तरेत काळ्या तित्तिराचा असाच एक जुना किस्सा सांगतात. तित्तिर ओरडला. मौलवी म्हणाले, तो ‘सुभान तेरी कुदरत’ म्हणतोय. वाणी म्हणाला, छे, ‘नून तेल अदरक’ म्हणतोय. पैलवान म्हणाला, दोघेही बहिरे आहात, तो ‘दंड मुगदर कसरत’ म्हणतोय. आपल्याकडे काळा तित्तिर नाही, पण मौलवी, वाणी आणि पैलवान सगळीकडे असतात. आमच्या सोसायटीच्या मागे नाल्याकाठी टिटव्या आहेत. आमच्या सेक्रेटरींना त्या ‘मेंटेनन्स भरा, मेंटेनन्स भरा’ असं ओरडताना ऐकू येतात. दुसऱ्या कोणालाही तसं ऐकू आलेलं नाही.

पावशाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जगाला ‘पेर्ते व्हा’ म्हणून कामाला लावणारा हा पक्षी स्वतः घरटं बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते. सातभाई हे मातकट रंगाचं, सदैव घोळक्याने फिरणारं आणि सदैव भांडत असल्यासारखं वाटणारं कुटुंब. त्या गोंधळात आपल्या घरी एक पोर जास्त आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. रात्री दोन वाजता, चांदणं असेल तर, पावशा पुन्हा सुरू करतो. कोथरुडात जिथे पूर्वी शेतं होती तिथे आता दहा-दहा मजल्यांच्या इमारती आहेत, आणि त्यांतले झोपमोड झालेले रहिवासी बाल्कनीत येऊन विचार करतात, पेरायचं कुठे? एकाने कुंडीत कोथिंबीर लावून पाहिली. पावशा थांबला नाही.

कोकिळाची कथा तर कवींच्या अब्रूचा प्रश्न आहे. ‘कुऊ कुऊ’ करतो तो नर : काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज ‘किक् किक् किक् किक्’ असा, पोलिसांच्या शिट्टीच्या जवळ जाणारा. तरी गाणाऱ्या बाईंना आपण कोकिळेचीच उपमा देत आलो, आणि त्यांनीही ती गोड मानून घेतली. याही पक्ष्याला घरटं बांधणं ठाऊक नाही. मादी अंडं घालते कावळ्याच्या घरात. पिल्लू डोळे उघडतं ते कावळ्यांमध्ये, खातं कावळ्यांच्या हातचं, ऐकतं दिवसभर ‘काव काव’. आणि मोठं होऊन गातं ‘कुऊ’. गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये बुलबुल, दयाळ, शामा यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. कोकिळ-पावशांच्या कुळाला शिकवणीची गरजच नाही, गाणं अंड्यातूनच येतं. परक्याच्या घरी पोर ठेवायचं असेल तर अशी सोय हवीच. घराण्याची शुद्धता म्हणतात ती ही.

संगीताच्या जुन्या ग्रंथांत सात सुरांचा संबंध पशुपक्ष्यांशी जोडलेला आहे. पंचम कोकिळाचा, इथवर ठीक आहे. पण षड्ज मोराचा! ज्याने मोर फक्त चित्रात पाहिला आहे त्याला यात वावगं वाटणार नाही. शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे, तिथे पहाटे मोर जागे होतात तेव्हा एखाद्या संगीतप्रेमीने अंगणात अंथरूण टाकून झोपून पाहावं. मांजराची शेपटी दारात सापडली तर ते जसं ओरडेल, तसा तो षड्ज असतो. उठल्यावर तानपुरा जुळवण्याची इच्छा शिल्लक राहिली तर त्या माणसाची साधना पक्की समजावी.

आता नकला करणाऱ्यांकडे वळू, कारण काकांच्या आयुष्यातला कसोटीचा प्रसंग त्यांच्यामुळे आला. भृंगराज नावाचा एक कोतवाल आहे. काळा, डोक्यावर तुरा, शेपटीच्या दोन पिसांची टोकं लांब तारांना लावल्यासारखी मागे तरंगत असतात. सह्याद्रीच्या दाट जंगलात राहतो आणि ज्याला भेटेल त्याची नक्कल करतो. एका सकाळी काकांनी एका झाडाकडे तर्जनी करून ओळीने नावं सांगितली. शिक्रा. टकाचोर. हळद्या. स्वर्गीय नर्तक. शिवाय सातभाई. आम्ही वह्या भरल्या. तेवढ्यात झाडातून एकच पक्षी बाहेर आला, समोरच्या वठलेल्या फांदीवर बसला, आणि आमच्याकडे बघत पाचही आवाज पुन्हा क्रमाने काढून दाखवले. भृंगराज. गटात भयाण शांतता पसरली. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “पाचही पक्षी याच जंगलात आहेत. नाहीतर हा शिकला कोणाकडून?” यादीतलं एकही नाव खोडलं गेलं नाही. भृंगराज तेवढा वाढला.

खारीचंही असंच. खार झाडाच्या खोडाला चिकटून, शेपूट झटकत, ‘चिक् चिक् चिक्’ असं अर्धा अर्धा तास ओरडू शकते, आणि तो आवाज कोणत्याही सभ्य पक्ष्याचा म्हणून खपतो. आमच्या गटातले एक निवृत्त बँक अधिकारी त्याला दुर्मीळ वटवट्या ठरवून विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देत होते. एक चौथीतली मुलगी म्हणाली, “आजोबा, ती खार आहे.” अधिकारी क्षणभर थांबले. काका मदतीला धावले, “असू दे, असू दे. यादीत खारीचाही वाटा असतो.”

अलीकडे फोन आले आणि काकांच्या तर्जनीची किंमत उतरली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ नावाचं ॲप 2021 पासून आवाज ऐकून पक्षी ओळखू लागलं. आपल्याकडचे पक्षीही आता त्याला ठाऊक आहेत. फोन हातात धरून उभं राहायचं, की नावं पडद्यावर एकामागून एक उजळत जातात. गटातल्या एका इंजिनिअर मुलाने हे काकांना दाखवलं. काका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यावर आवाजाचा आलेख सरकत होता, काळ्या-करड्या रेघांचा. मुलाने उत्साहाने समजावलं, “काका, हे आवाजाचं आधी चित्र करतं, आणि मग त्या चित्रावरून पक्षी ओळखतं.” काकांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, “म्हणजे त्याला बघावं लागतं! मला नाही लागत.” आणि तर्जनी पुन्हा वर गेली.

त्या मुलावर काका एकदाच मनापासून चिडले. त्याचं कारण मात्र पूर्ण रास्त होतं. नवरंग पावसाच्या तोंडावर आपल्याकडच्या जंगलांत विणीसाठी येतो. नऊ रंगांचा पक्षी जमिनीवरच्या पाचोळ्यात उड्या मारत फिरतो आणि पहाटे नि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. वेळेचा इतका पक्का, की तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात. फोटोसाठी त्याला बाहेर काढायचं तर त्याचाच मुद्रित आवाज स्पीकरवर वाजवतात. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो घरटं, पिल्लं, खाणं सोडून त्या अदृश्य शत्रूला शोधत, ओरडत फिरतो, आणि कॅमेऱ्यांचा खटखटाट होतो. त्या मुलाने खिशातून छोटा स्पीकर काढल्यावर काका म्हणाले, “तुझ्या घरात रात्री कोणी अनोळखी माणूस तुझ्याच आवाजात ‘हे घर माझं आहे’ म्हणून ओरडायला लागला तर जेवशील का तू?” स्पीकर परत खिशात गेला. त्या दिवशी नवरंग दिसला नाही. यादीत आला, अर्थात.

मुद्रणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पक्ष्याच्या गाण्याचं सगळ्यात जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण 1889 मधलं आहे. जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने, वडिलांनी आणून दिलेल्या एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर ते केलं. आणि कोणाचं? पिंजऱ्यातल्या शामाचं. हा शामा म्हणजे आपल्या कर्नाळ्याच्या जंगलात गातो तोच. तो ऐकायला कर्नाळ्याला जावं, तर मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्याच्या पोटातून गेलेला. शामा एक तान घेतो, तेवढ्यात ट्रक हॉर्न देतो. शामा थांबतो, ट्रक थांबत नाही. नेदरलंड्समधल्या लायडन शहरात संशोधकांनी 2003 मध्ये दाखवून दिलं, की गोंगाटाच्या भागातले रामगंगरा जातीचे पक्षी आपली पट्टी उंच ठेवतात, म्हणजे वाहनांच्या खर्जातल्या घरघरीवरून त्यांचं गाणं ऐकू जावं. लायडन हे सायकलींचं शहर. तिथल्या पक्ष्यांना पट्टी वाढवावी लागत असेल, तर स्वारगेटच्या चिमणीने काय करावं? तिने बहुधा हातवारे सुरू केले असतील.

रात्रीचे आवाज हा खास कानवाल्यांचा प्रांत, तिथे डोळेवाल्यांना प्रवेशच नाही. रातवा नावाचा पक्षी माळावर जमिनीलगत बसून, टेबल टेनिसचा चेंडू फरशीवर सोडला की ठोके जसे जवळजवळ येत जातात तसा आवाज काढतो. टिटवी रात्री ओरडली की अशुभ म्हणून आजही कित्येक घरांत देवापुढे हात जोडले जातात. बिचारीची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि शेजारून कुत्रं चाललेलं असतं, एवढीच खरी बातमी. उलट भारद्वाज दिसला तर शुभ. हा मात्र अख्खा उन्हाळा ‘कूप कूप कूप’ करत झाडीत दडून राहतो. शुभ घडायला नुसता ऐकून चालत नाही, दिसावा लागतो, अशी शास्त्रात अट आहे म्हणे. काकांचा या अटीला तीव्र विरोध आहे.

तसं बघितलं तर काकांच्या धंद्याचा महाराष्ट्रातला मूळपुरुष म्हणजे पिंगळा जोशी. पहाटे, उजाडायच्या आत, हातात कुडमुडं वाजवत, कंदील घेऊन दारी यायचा आणि घराचं भविष्य सांगायचा. पिंगळा नावाच्या छोट्या घुबडाची भाषा त्याला कळते, अशी लोकांची श्रद्धा. पिंगळ्याची जोडी सांजवेळी ‘चिरुर्र चिरुर्र’ करून जो कलकलाट करते, तो ऐकला की यात भविष्य असेल तर ते फारसं चांगलं नसणार एवढं कोणालाही कळेल. पण जोशीबुवांनी त्यातून मुलांची लग्नं, मुलींची बाळंतपणं आणि शेतातलं धन काढलं, आणि वर सूपभर जोंधळे नेले. काकांना आजवर चहापोह्यांपलीकडे कोणी काही दिलेलं नाही.

ते पोहेही आमच्याच घरी. टेकडीवरून उतरल्यावर वाटेत आमचं घर लागतं. आमच्या सौभाग्यवती कधी टेकडीवर आलेल्या नाहीत. दुर्बीण त्यांनी एकदाच हातात घेतली, समोरच्या इमारतीत कोण राहायला आलंय ते बघायला. असंच एका जूनमध्ये काका स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. खिडकीबाहेर केबलच्या तारेवर दयाळ गात होता, काळापांढरा, शेपूट वरखाली करत. काका समाधानाने म्हणाले, “वहिनी, दयाळ छान गातोय तुमच्याकडे.”

“हा? हा नाही हो छान,” ती कांदा चिरता चिरता म्हणाली. “आधीचा छान होता. हा नवीन आहे. मधेच विसरतो आणि पहिल्यापासून घेतो.”

काकांची तर्जनी अर्ध्यावर थांबली. “नवीन कशावरून?”

“आधीचा पाचाच्या आत सुरू करायचा, दूधवाल्याच्या आधी. हा उठतोच उशिरा. आणि आधीचा शेवटी वर जायचा, हा खाली येतो. आता थोडं थोडं जमायला लागलंय. मागच्या आठवड्यात ऐकवत नव्हतं.”

कोवळे नर असंच अडखळत, तुकडे जोडत गाणं बसवतात, हे काकांनी पुस्तकात वाचलेलं होतं. प्रत्यक्ष कोणी ऐकून सांगेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं.

“आणि खंड्या येतो का इकडे?”

“नाव नाही माहीत. एक सकाळी टाकीवर बसून खदाखदा हसतो, तो का?”

“तोच, तोच!” काका भराभर लिहू लागले. “अजून?”

“एक दुपारी येतो, ठोके देतो. एक जोडी मांजर दिसलं की शिव्या देते. एक आहे तो फक्त पावसाआधी.”

काका डोळे मिटून लिहीत होते. एवढ्यात एक लांब, तीव्र, चढत गेलेली शीळ आली आणि थांबली. काका तंद्रीतच म्हणाले, “आणि हा?”

“हा कुकर. दोन झाल्या. तिसरीला गॅस बंद करा, तुमच्याच हाताशी आहे.”